ज्यांच्या हाती किल्ल्या

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅबच्या एका अभियंत्याची कामाची वेळ खरं तर संपत आली होती. गिटलॅब म्हणजे जगभरच्या प्रोग्रॅमर मंडळींनी आपला कोड ठेवायची आणि त्यावर मिळून काम करायची जागा. संध्याकाळपासून स्पॅमचा मारा सुरू होता. त्यामुळे डेटाबेसवरचा ताण वाढला होता, आणि मुख्य सर्व्हरची नक्कल ठेवणारा दुसरा सर्व्हर मागे पडत पडत शेवटी थांबलाच होता. एवढं मार्गी लावूनच उठू, असं त्याने ठरवलं. नक्कल नव्याने घ्यायची तर दुसऱ्या सर्व्हरवरचं डेटाचं फोल्डर रिकामं हवं. ते पुसायची कमांड त्याने दिली. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, की ही कमांड दुसऱ्या सर्व्हरवर नाही, पहिल्यावरच चालली आहे. त्याने ती ताबडतोब तोडली. तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरला होता.

मग बॅकअपची शोधाशोध सुरू झाली. रोज आपोआप निघणारा बॅकअप जिथे साठायला हवा होता, ती जागा रिकामी निघाली. बॅकअप घेणारा प्रोग्रॅम ९.२ आवृत्तीचा आणि डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे तो रोज सुरू व्हायचा आणि रोज चूक दाखवून बंद पडायचा. चूक झाल्याची ईमेलही निघत होती, पण पाठवणाऱ्याची खातरजमा होत नाही म्हणून ती वाटेतच नाकारली जात होती. डिस्कचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची जशीच्या तशी नक्कल, घ्यायची सोय होती, पण डेटाबेसच्या सर्व्हरसाठी ती कोणी चालूच केली नव्हती. शेवटी उपयोगी पडला तो निव्वळ योगायोग: त्याच अभियंत्याने सहा तासांपूर्वी दुसऱ्याच एका चाचणीसाठी स्वतःच्या हाताने एक स्नॅपशॉट काढून ठेवला होता. तो संथ डिस्कवरून परत आणायला दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ झाली. लोकांचा कोड सुरक्षित राहिला, पण मधल्या सहा तासांतल्या नोंदी कायमच्या गेल्या. साधारण ५ हजार प्रकल्प, तितक्याच प्रतिक्रिया आणि ७०० नवी खाती यांना त्याचा फटका बसला.

सर्व्हरच्या जगात असे अपघात होत असतात. गिटलॅबने त्यानंतर जे केलं, ते मात्र विरळा होतं. दुरुस्तीची टिपणं ज्या फाइलमध्ये लिहिली जात होती, ती फाइल त्यांनी त्याच रात्री सगळ्यांना वाचायला खुली केली. दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं आणि हजारो लोक ते बघत बसले. त्यात बरेचसे स्वतः असंच काम करणारे होते. काहींनी उपाय सुचवले, आणि बहुतेकांनी त्या अभियंत्याला धीर दिला, कारण अशी रात्र त्यांनीही काढलेली होती. कंपनीने त्याला बळीचा बकरा केलं नाही. दहा दिवसांनी सविस्तर अहवाल आला. त्यात त्याचा उल्लेख 'टीम सदस्य १' एवढाच होता, पण बॅकअपच्या प्रत्येक सोयीचं काय आणि का बिघडलं होतं ते सगळं लिहिलेलं होतं. सुधारणांच्या यादीत एक अगदी साधी गोष्ट होती. कोणत्या सर्व्हरवर आहोत हे कमांड टाइप करतानाच नजरेत भरावं, अशी प्रत्येक सर्व्हरच्या स्क्रीनवरची खूण बदलायची.

या एका अहवालामुळे किती ठिकाणच्या अ‍ॅडमिननी, म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी, दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन आपले बॅकअप उघडून पाहिले असतील, ते मोजता येणार नाही. पण माझं ठाम मत आहे, की माहिती तंत्रज्ञानाच्या या पेशाला जो काही दर्जा आला, तो याच वाटेने आला. आपलं काय चुकलं ते आपल्यासारखंच काम करणाऱ्यांपुढे मांडायचं, आणि त्यांनी त्यावरून आपली पद्धत सुधारायची. कायदा, परीक्षा, परवाने यांनी त्यात फारसं काही साधलेलं नाही.

डॉक्टरला परिषदेकडे नोंदणी करावी लागते, वकिलाला सनद लागते. सनदी लेखापालांची संस्था आपल्याकडे १ जुलै १९४९ पासून आहे आणि गैरवर्तन केलं तर ती सभासदाचं नाव पटावरून काढू शकते. बँकेचा डेटाबेस सांभाळणाऱ्याला यातलं काहीच लागत नाही. तो इंजिनिअर असेल, रसायनशास्त्राचा पदवीधर असेल किंवा बारावीनंतर हार्डवेअरचा कोर्स करून आलेला असेल. आणि यातला कोणीही आपल्या कामात उत्तम असू शकतो. परवान्याचे प्रयत्न झाले. अमेरिकेत डेटा प्रोसेसिंगवाल्यांसाठी १९६२ पासूनच प्रमाणपत्र परीक्षा होती. १९९८ मध्ये टेक्सास राज्याने सॉफ्टवेअर अभियंत्यांना इतर अभियंत्यांसारखा परवाना द्यायला सुरुवात केली. २०१३ मध्ये त्यासाठी देशपातळीवरची परीक्षा आली. ती पाच वेळा झाली, सगळे मिळून ८१ उमेदवार बसले, आणि २०१९ मध्ये ती बंद झाली. एसीएम ही संगणकशास्त्रातली सर्वांत जुनी संस्था, १९४७ ची. पण तिनेच परवान्याला विरोध केला होता. परवाना दिल्याने सॉफ्टवेअर भरवशाचं होतं असं सांगण्याइतकं ज्ञान अजून आपल्यापाशी नाही, मग परवाना देऊन लोकांना खोटा दिलासा का द्यायचा, असं तिचं म्हणणं होतं. मला ते पटतं.

तर मग दर्जा ठरवला कोणी? त्यासाठी १९८७ च्या फिलाडेल्फियाला जावं लागेल. युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम वापरणाऱ्यांची युझनिक्स नावाची संघटना १९७५ पासून होती. तिने त्या वर्षी मोठ्या ठिकाणचे संगणक सांभाळणाऱ्यांची एक कार्यशाळा भरवली. मोठं ठिकाण म्हणजे किती मोठं, याची तेव्हाची व्याख्या आज वाचताना गंमत वाटते: शंभराहून जास्त वापरणारे आणि एक जीबीहून जास्त साठवण. आलेले लोक विद्यापीठांतून, प्रयोगशाळांतून, कंपन्यांतून हे काम करणारे होते आणि बहुतेक आपापल्या ठिकाणी एकटेच होते. या कामाची एक पंचाईत आहे. सगळं सुरळीत चालू असतं तेव्हा हा माणूस करतो काय, असा प्रश्न साहेबाला पडतो. बंद पडलं की हा इतके दिवस करत काय होता, असा पडतो. कामाला नाव नव्हतं. कोणी प्रोग्रॅमर म्हणून नेमलेला, कोणी तंत्रज्ञ म्हणून, कोणी तर संशोधन सहायक. फिलाडेल्फियात त्यांना पहिल्यांदा आपल्यासारखे दुसरे भेटले. आपल्या अडचणी जगावेगळ्या नाहीत, नवीन खातं उघडायचा प्रोग्रॅम प्रत्येकाने आपला आपला लिहिला आहे आणि प्रत्येकाने त्यात त्याच चुका केल्या आहेत, हे तिथे कळलं. ही परिषद पुढे लिसा या नावाने दरवर्षी भरू लागली.

तिथे काय चालायचं याचा नमुना म्हणून १९९१ च्या परिषदेतला एलिझाबेथ झ्विकी यांचा निबंध सांगतो. झ्विकी तेव्हा कॅलिफोर्नियातल्या एसआरआय या संस्थेत सिस्टीम सांभाळत. बॅकअप घेणारे तेव्हाचे प्रचलित प्रोग्रॅम त्यांनी एकेक करून छळायला घेतले. फाइलच्या नावात विचित्र अक्षरं घातली, नावं मर्यादेपर्यंत लांबवली, मध्ये रिकाम्या जागा असलेल्या फाइली तयार केल्या, आणि बॅकअप चालू असतानाच फाइली बदलत, पुसत राहिल्या. मग बॅकअप परत भरून पाहिला. निष्कर्ष हादरवणारे होते. ज्यांच्यावर सगळे डोळे झाकून विसंबून होते, त्यातले बहुतेक कुठे ना कुठे नापास झाले, आणि काही तर चूक झाल्याचं न सांगता नापास झाले. हे कोणा कंपनीने मागवलेलं संशोधन नव्हतं. रोज बॅकअप घेणाऱ्या एका बाईने रोज बॅकअप घेणाऱ्या इतरांसाठी केलेलं ते काम होतं. 'बॅकअप घेतला' म्हणणं पुरेसं नाही, तो परत भरून बघितला पाहिजे, हा नियम आज कुठलाही जाणता अ‍ॅडमिन नव्या मुलाला पहिल्याच आठवड्यात सांगतो. तो अशा कामांतून रुजला. गिटलॅबच्या त्या रात्री हा नियम पंचवीस वर्षांहून जुना होता आणि तरी पाळला गेला नव्हता. नियम माहीत असणं आणि तो अंगवळणी पडणं यातलं अंतर कापायला माणसं एकमेकांना सतत भेटावी लागतात, ती यासाठीच.

शिकवण्याचं काम तिकडे कोलोरॅडो विद्यापीठात एव्ही नेमेथ करत होत्या. मूळच्या गणिताच्या. विद्यापीठाचे संगणक चालवायला त्यांनी पदवीचे विद्यार्थी घेतले. नुसतं पाठ्यपुस्तक न पढवता चालत्या मशीनवर त्यांना हात चालवू दिला, आणि १९८९ मध्ये त्यांच्यातल्याच मुलांना सोबत घेऊन युनिक्स सिस्टीम सांभाळण्याचं हँडबुक लिहिलं. ते पुढे कित्येक आवृत्त्या चाललं. पुण्या-मुंबईत नव्वदच्या दशकात या क्षेत्रात शिरलेल्यांपैकी कित्येकांनी त्याच्या झेरॉक्सवर अभ्यास केला आहे. निवृत्तीनंतर नेमेथ शिडाच्या नावेतून समुद्रावर हिंडू लागल्या. २०१३ च्या जूनमध्ये न्यूझीलंडहून ऑस्ट्रेलियाकडे जाताना टास्मन समुद्रात त्यांची नाव सहप्रवाशांसह नाहीशी झाली, ती सापडली नाही.

१९९२ मध्ये युझनिक्सच्याच छत्राखाली सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरांचा संघ उभा राहिला, सेज. त्याने दोन गोष्टी केल्या, आणि दोन्हींचे ठसे आज आपल्या नोकरीच्या जाहिरातींत दिसतात. एक म्हणजे कामाच्या पायऱ्या लिहून काढल्या: नवशिका, कनिष्ठ, मध्यम, वरिष्ठ. कोणत्या पायरीवर काय यायला हवं, कोणावर किती सोपवावं, हे कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागाने नाही, काम करणाऱ्यांनी ठरवलं. नवशिक्याच्या यादीत अगदी वरती कुठलीही कमांड किंवा ऑपरेटिंग सिस्टीम नाही. माणसांशी नीट बोलता येणं, साधी कृती लिहून किंवा तोंडी समजावून सांगता येणं, हे तिथे आहे. फोनवर चिडलेल्या वापरकर्त्याला ज्याने कधी हाताळलं आहे, त्याला हा क्रम लगेच उमगेल.

दुसरी गोष्ट आचारसंहिता. ती छोटी आहे, एका पानात मावते, आणि तिच्यातलं खासगीपणाचं कलम मला सगळ्यात मोलाचं वाटतं. अ‍ॅडमिनला सगळ्यांच्या ईमेल वाचता येतात. साहेबाच्या, सहकाऱ्याच्या, भांडण झालेल्या शेजाऱ्याच्याही. संहिता त्याला सांगते, की तांत्रिक कामासाठी गरज असेल तेव्हाच आणि गरज असेल तेवढंच बघ. आणि जे दिसलं ते, कुठल्याही मार्गाने दिसलं असलं तरी, स्वतःपाशी ठेव. बघितल्याचं कोणाला कळणार नसतं. त्याला अडवणारं त्याच्या स्वतःच्या शिस्तीखेरीज फार थोडं असतं, म्हणून ती शिस्त समव्यावसायिकांनी मिळून लिहिलेली असावी लागते.

पण नेमकी बांधिलकी कोणाशी? हा प्रश्न २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अगदी उघडावाघडा समोर आला. शहराच्या सरकारी कचेऱ्यांना जोडणारं फायबरचं जाळं एका नेटवर्क अभियंत्याने उभारलं होतं आणि त्याचे पासवर्ड फक्त त्याच्याकडे होते. ९ जुलैला वरिष्ठांनी एका बैठकीत ते मागितले. खोलीत पोलीस होते, मनुष्यबळ विभागाची माणसं होती, फोनचा स्पीकर चालू होता. त्याने द्यायला नकार दिला. मागणाऱ्यांना ते मागायचा अधिकार नाही आणि इतक्या लोकांसमोर पासवर्ड सांगणं सुरक्षेच्या नियमांत बसत नाही, असं त्याचं म्हणणं. त्याला अटक झाली. शेवटी महापौर गॅविन न्यूसम, पुढे कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर झाले तेच, स्वतः त्याला भेटायला तुरुंगात गेले आणि २१ जुलैला त्याने पासवर्ड त्यांच्या हाती दिले. या काळात जाळं एक क्षणही बंद पडलं नाही. तरी राउटरची सगळी मांडणी त्याने अशी ठेवली होती, की वीज जाऊन ते बंद पडले असते तर त्याच्याशिवाय ते कोणाला उभे करता आले नसते. २०१० मध्ये ज्युरीने त्याला दोषी ठरवलं आणि चार वर्षांची शिक्षा झाली. ज्युरीत एक जण स्वतः वरच्या दर्जाचं प्रमाणपत्र असलेला नेटवर्क अभियंता होता, आणि त्यानेही दोषी असंच मत दिलं.

या खटल्यावर अ‍ॅडमिन मंडळींत खूप वाद झाला. बरेच जण त्याच्या बाजूचे होते, आणि का होते ते समजण्यासारखं आहे. आपण जीव ओतून उभं केलेलं काम अडाण्यांच्या हाती देताना कोणाचाही हात अडखळतो. पण मला त्याची बाजू पटत नाही. जाळं शहराचं होतं. पासवर्ड एकाच माणसाकडे राहू देणारे वरिष्ठ निष्काळजी होते हे खरं. पण आपण उद्या नसलो तर काय, याची सोय करून ठेवणं हा या कामाचाच भाग आहे. ती सोय न करणाऱ्याला सुरक्षेचं कारण पुढे करता येत नाही.

आता याहून कितीतरी भयंकर प्रकरण. ब्रिटनमध्ये टपाल खात्याची बरीच कामं छोट्या छोट्या शाखांमधून कंत्राटावर चालतात. शाखा चालवणारे म्हणजे किराणा दुकानात एक खिडकी टपालासाठी ठेवणारे साधे दुकानदार. १९९९ पासून त्यांच्याकडे हिशेबासाठी होरायझन ही संगणक प्रणाली आली. ती बांधली आणि सांभाळली फुजित्सूने. संध्याकाळी हिशेब जुळेना, संगणक म्हणे हजारो पौंड कमी आहेत. कंत्राटाप्रमाणे तूट दुकानदाराने भरायची. कित्येकांनी घरदार गहाण टाकून ती भरली. भरता आली नाही त्यांच्यावर चोरीचे आणि खोट्या हिशेबाचे खटले झाले. मदतीच्या फोनवर अनेकांना उत्तर मिळे, की असा त्रास फक्त तुम्हालाच होतो आहे. नऊशेहून जास्त लोक दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला.

दोष प्रणालीत होता. स्कॉटलंडमधल्या डॅलमेलिंग्टन या गावचं २०१५ चं उदाहरण घ्या. रोख रक्कम एका शाखेतून दुसरीकडे पाठवल्याची नोंद करताना स्क्रीन अडकला. माणूस करतो तेच त्या शाखेत झालं, एंटरचं बटण पुन्हा पुन्हा दाबलं गेलं. प्रत्येक दाबासरशी प्रणालीने तीच रक्कम पुन्हा नोंदवली. ८ हजार पौंडांचे ३२ हजार झाले आणि २४ हजारांची तूट दिसू लागली. असे दोष फुजित्सूच्या लोकांना ठाऊक होते. माहीत असलेल्या चुकांची नोंदवही त्यांच्याकडे होती. त्या चुकांना शाखांच्या गावांची नावं पडलेली होती. फुजित्सूचे कर्मचारी दुकानदाराच्या खात्यात दुरून शिरून नोंदी बदलू शकत होते, आणि टपाल खातं वर्षानुवर्षं ते अशक्य आहे असं सांगत होतं. त्यात १९९९ च्या एका कायद्याने संगणक नीट चालत होता हे कोर्टात सिद्ध करायची अट काढून टाकली. संगणक बरोबर आहे असंच न्यायालय धरून चालणार. चूक दाखवायची तर ती दुकानदाराने. आणि नोंदवही होती कुलूपबंद.

अ‍ॅलन बेट्स या वेल्समधल्या शाखाचालकाने बाकीच्यांना शोधून काढून एकत्र आणलं आणि ५५५ जणांनी मिळून दावा लावला. २०१९ मध्ये न्यायालयाने जुनी होरायझन प्रणाली भरवशाची नव्हती असा निकाल दिला. २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेला कायदा करून शेकडो शिक्षा एका फटक्यात रद्द कराव्या लागल्या. आधी फुजित्सूत काम केलेला एक जण २०१५ मध्ये बीबीसीपुढे येऊन दुरून खात्यात शिरता येत होतं हे बोलला, त्याचा या लढ्याला मोठा आधार झाला. मला सतत वाटत राहतं, की ती नोंदवही उघडून वाचणारे कितीतरी जण होते. ब्रिटनमध्ये संगणक व्यावसायिकांची संस्था १९५७ पासून आहे, तिला राजसनद आहे, आचारसंहिता आहे. पण रोजच्या कामात असलेल्या माणसाला जेव्हा कळतं, की आपल्या नोंदवहीतली चूक एका दुकानदारीणबाईला तुरुंगात घालते आहे, तेव्हा त्याने उठून कोणाकडे जायचं, ते त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. पाठीशी उभं राहणारंही कोणी नव्हतं.

हे सगळं दूरदेशीचं वाटेल, म्हणून आता जालन्याला येऊ. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात उमेदवारी अर्ज मुदतीत, म्हणजे दुपारी तीनच्या आत, दाखल झाला की नंतर, यावरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात वाद झाला. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं कॅमेऱ्याचं चित्रीकरण. कायद्याप्रमाणे अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या नकलेसोबत प्रमाणपत्र लागतं. ते प्रमाणपत्र द्यायला अधिकारी तयार होईनात. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ जुलै २०२० ला न्यायालयाने निकाल दिला, की मूळ यंत्रच हजर करता येत नसेल तर हे प्रमाणपत्र अनिवार्य आहे. देशभरच्या कोर्टांत आज हा जालन्याचा निकाल रोज उद्धृत होतो.

हे प्रमाणपत्र कोण देतं? ज्याच्या ताब्यात तो संगणक किंवा सर्व्हर आहे तो. बँकेच्या शाखेचा, सहकारी पतपेढीचा, मोबाइल कंपनीचा, सीसीटीव्ही सांभाळणाऱ्या कार्यालयाचा माणूस. तो लिहून देतो, की या काळात हा संगणक नीट चालत होता आणि ही त्यातली खरी नक्कल आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तर नमुनाच दिला आहे. त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, लिहायची जागा आहे, आणि तज्ज्ञाने भरायचा वेगळा भागही आहे. ब्रिटनने काढून टाकलेली अट आपण ठेवली आहे, हे फार चांगलं आहे. पण त्याचा अर्थ असा, की कोणाच्या तरी सुटकेचा किंवा शिक्षेचा एक धागा एका अ‍ॅडमिनच्या सहीला बांधलेला आहे. 'साहेब म्हणाले, सही कर' म्हणून छापील कागदावर सही ठोकणारा आणि सर्व्हरचे लॉग उघडून, त्या दिवशी घड्याळ बरोबर होतं का, मध्ये काही बंद पडलं होतं का, हे पाहून सही करणारा, यांच्यात जो फरक आहे, तो कोणत्याही सर्टिफिकेट परीक्षेत विचारला जात नाही.

आपल्याकडे संघटना नाहीत असं नाही. कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया १९६५ ची आहे. पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांचा गट वर्षानुवर्षं आहे, सिम्बायोसिसमध्ये त्यांच्या साथीने ग्नुनिफाय हे मुक्त सॉफ्टवेअरचं संमेलन भरत आलं, २०१७ मध्ये पुण्यात पायथन वापरणाऱ्यांचं पायकॉन झालं. बंगळुरूत रूटकॉन्फ ही खास सर्व्हर सांभाळणाऱ्यांची परिषद भरू लागली. पण प्रोग्रॅमरांच्या मेळाव्यांना जशी गर्दी होते तशी सपोर्टवाल्यांच्या होत नाही, आणि कारणं स्पष्ट आहेत. हिंजवडीतला मुलगा अमेरिकेतल्या क्लायंटचे सर्व्हर बघतो. रात्री साडेदहाला त्याची शिफ्ट सुरू होते, शनिवारी सकाळी तो झोपलेला असतो. करारात गुप्ततेचं कलम असतं. क्लायंटचं नाव घ्यायचीही चोरी, मग त्याच्याकडे काय बिघडलं ते चारचौघांत सांगणार कसं? एखादा मोठा बिघाड झाला की अहवाल क्लायंटला जातो, आणि त्यात मूळ कारण म्हणून बहुतेकदा 'मानवी चूक' एवढंच लिहून तिकीट बंद करतात. अमेरिकेत एत्सी या कंपनीतल्या जॉन ऑल्स्पॉ यांनी २०१२ मध्ये मांडलं होतं, की अशा शब्दांपाशी चौकशी थांबवली तर हाती काहीच लागत नाही. त्या माणसाला त्या क्षणी ते करणं योग्य का वाटलं, हे विचारायचं, आणि शिक्षेची भीती असेल तर तो ते सांगणार नाही. आज ही पद्धत पुष्कळ कंपन्यांच्या कागदपत्रांत पोहोचली आहे. पण क्लायंटसमोर कोणाचं तरी नाव द्यावंच लागतं, असं समजणारे व्यवस्थापक अजून भरपूर आहेत.

कामाच्या तासांचा प्रश्न दर्ज्यापासून वेगळा काढता येत नाही. गिटलॅबचा अभियंता त्या रात्री कामाची वेळ संपत आली तरी बसलेला होता. तमिळनाडू सरकारने २०१६ मध्ये आयटी कर्मचाऱ्यांना कामगार संघटना करता येतात हे स्पष्ट केलं, कर्नाटकात २०१७ मध्ये अशी संघटना नोंदली गेली, आणि २०२४ मध्ये दिवस चौदा तासांचा करण्याचा प्रस्ताव पुढे आला तेव्हा तिनेच त्याला नेटाने विरोध केला. आपल्याकडच्या बऱ्याच जणांना संघटना म्हटलं की गिरणीसंप आठवतो आणि ते लांब राहतात. पण पहाटे तीनला प्रॉडक्शनच्या डेटाबेसवर एकट्याने कमांड चालवायची नाही, दुसरा कोणीतरी स्क्रीन बघत असलाच पाहिजे, असा नियम मागणं ही जितकी कामगाराची मागणी आहे तितकीच ती बँकेत पैसे ठेवणाऱ्याच्या भल्याची आहे.

फिलाडेल्फियात सुरू झालेली परिषद २०२१ मध्ये शेवटची भरली. सर्व्हर क्लाउडवर गेले, कामाची नावं बदलली, गूगलने २००३ पासून घडवलेल्या साइट रिलायबिलिटीच्या पद्धती सगळीकडे पसरल्या, आणि मंडळी युझनिक्सच्याच नव्या परिषदांकडे वळली. पुण्यातल्या कोणाला आपल्या चुका एकमेकांपुढे मांडायचं हे काम आज सुरू करायचं असेल, तर परिषदेइतकं मोठं काही लागत नाही. कराराला धक्का न लावता सांगण्यासारखं खूप असतं. क्लायंट कोण, आकडे किती, हे गाळूनही 'आमच्याकडे बॅकअप रोज हिरवा दिसत होता, परत भरून पाहिला तेव्हा अर्धी टेबलं रिकामी होती, आणि ते कळायला आम्हाला सात महिने लागले' हे महिन्यातल्या एका संध्याकाळी दहा जणांसमोर सांगता येतं. ऐकणारे दहाही जण वेगवेगळ्या कंपन्यांतले असतात, आणि सोमवारी त्यातले निदान दोघे-तिघे तरी आपल्याकडचा बॅकअप चाचणीच्या सर्व्हरवर भरून बघतात.